ब्राह्मीच्या तीन पुड्या: एकीवर बाकोपा, दुसरीवर सेंटेला, तिसरीवर नुसतंच ब्राह्मी

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज स्वतःची फजिती घेऊन आलेय.

मी सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवते. एसएसएलसीच्या (म्हणजे दहावीच्या) निकालाची धास्ती, घटणारा पट, वरून येणारे कन्नडमधले तक्ते भरून संध्याकाळच्या आत पाठवणं... स्टाफरूममध्ये सगळ्यांचीच डोकी तापलेली. सप्टेंबरात कुणीतरी म्हणालं, ब्राह्मी घेऊन बघूया. मी म्हटलं, घ्यायचीच तर नीट तपासून घेऊ. सहा जण तयार झालो. रोज सकाळी दुधातून एक चमचा चूर्ण, आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी वहीत शून्य ते दहामधला एक आकडा: आज डोकं किती तापलं. असे सहा आठवडे.

निकाल झकास! पहिल्या आठवड्यात सगळे सहाच्या वर, शेवटी सगळे चारच्या खाली. मी आलेख काढून मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा बघितला आणि एवढंच विचारलं, "बाई, मधे दसऱ्याची सुट्टी झाली न्हवं काय?"

ही पहिली फजिती. दुसरी त्याहून मोठी. चूर्ण संपेल तसं आणत गेलो होतो. पहिली पुडी बेळगावात रविवार पेठेतून, दुसरी खानापुरातून, तिसरी निपाणीला माहेरी गेलेल्या बाईंनी आणली. सुट्टीत कणकुंबीला आजेसासूंकडे गेले होते. न्हाणीच्या पाटाला गोल पानांचा एक वेल पसरलेला. त्या म्हणाल्या, "ही काय तुझी ब्राह्मी, आमी एकपानी म्हणतो, चटणी करतो." पान चावून बघितलं. मी खात होते त्या चूर्णासारखं जहर कडू अजिबात नव्हतं. घरी येऊन भिंग लावून पुड्या वाचल्या. एकीवर बारीक अक्षरात बाकोपा मोनिएरी, दुसरीवर सेंटेला एशियाटिका, तिसरीवर नुसतंच ब्राह्मी.

तर प्रश्न दोन. खरी ब्राह्मी कोणती? आणि एखादी वनस्पती ताण कमी करते की नाही हे जाणकार लोक तपासतात तरी कसं?

खवचट_काका
दसऱ्याच्या सुट्टीचं चूर्ण कुठल्या पेठेत मिळतं? दुधाशिवायसुद्धा घेईन.

रानवाट
पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, जन्म जांबोटीत गेलाय. आजेसासूंची एकपानी म्हणजे सेंटेला. मराठी पुस्तकात कारिवणा, संस्कृतात मंडूकपर्णी, आणि घाटाखाली किंवा धारवाडकडं गेलात तर ओंदेलगा. ओंदेलगाची तंबळी खाल्ली नसेल तर जरूर खा. पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा कातरलेली, लांब देठावर एकच. जमिनीवर सरपटत जातं आणि पेरापेराला मुळं धरतं.

बाकोपा म्हणजे नीरब्राह्मी. पान बोटाच्या पेराहून लहान, मांसल, चमच्यासारखं, समोरासमोर जोडीनं. फूल पाच पाकळ्यांचं, फिकं जांभळट पांढरं. भाताच्या खाचराच्या बांधाला, ओलीत. चवीला कडू, म्हणजे चांगलंच कडू.

शेतात या दोघींची गफलत आंधळाही करणार नाही. कुळंसुद्धा वेगळी. वाळवून दळलं की मात्र दोन्ही हिरवी भुकटी. आपल्या सीमेवर एका झाडाला चार नावं आणि एका नावाची दोन झाडं, त्यामुळं दुकानदाराला तरी काय बोल लावणार? गिऱ्हाईक कुठल्या गावचं त्यावर ब्राह्मी ठरते.

शहापूरचा_वैद्य
यात फसवणूक नाही, वाद जुना आहे. केरळात ब्राह्मी म्हटलं की बाकोपा, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी सेंटेला. चरकसंहितेत मात्र नाव स्पष्ट आहे. चिकित्सास्थानात चार मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणारी, रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चारांत अश्वगंधाही नाही. आज मात्र ताण म्हटला की जो तो अश्वगंधेची बाटली पुढं करतो.

शंखपुष्पीची कथा ब्राह्मीहून वाईट. कुणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस वापरतं, कुणी विष्णुक्रांता, कुणी चक्क पांढरी गोकर्ण. सरबताची बाटली एकच.

उंदीरमामा
दुसरा प्रश्न माझा. बेळगावात एम.फार्म करताना दोन वर्षं उंदरांची परीक्षा घेतली आहे. हे आयडी तिथूनच चिकटलं.

उंदराला "तुला टेन्शन आहे का" असं विचारता येत नाही. म्हणून त्याची कोंडी करतात. सगळ्यात वापरातला प्रकार म्हणजे उंचावरची अधिक-चिन्हाची वाट. जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, फळ्यांचे चार हात. दोन हातांना ४० सेंटिमीटर उंच भिंती, दोन उघडे. उंदीर मधोमध ठेवायचा आणि ५ मिनिटं बघायचं. त्याला नवी जागा हुंगायचीही ओढ असते आणि उघड्यावर जायची भीतीही. भित्रा उंदीर भिंतीआडच बसतो. डायझेपाम, म्हणजे भीती-चिंता कमी करणारं औषध, दिलं की उघड्या हातावर जास्त वेळ काढतो. उंदरांसाठी ही पद्धत १९८५ मध्ये पक्की झाली आणि आजही कुठल्याही पाल्याचा अर्क आला की आधी इथंच चढतो. एका गटाला अर्क, एकाला डायझेपाम, एकाला नुसतं पाणी.

दुसरा प्रकार पोहण्याचा. पाण्याच्या उभ्या नळकांड्यात उंदीर सोडतात आणि तो हातपाय मारायचं सोडून किती वेळ नुसता तरंगतो ते मोजतात. तरंगला म्हणजे हताश झाला, असा अर्थ लावायचा. मला हा अर्थ कधीच पटला नाही. सुटका नाही हे कळल्यावर शक्ती वाचवणारा उंदीर हताश की शहाणा?

तिसरा प्रकार लांबचा. २१ दिवस रोज वेगवेगळ्या वेळी सौम्य शॉक, म्हणजे आज काय होणार याचा अंदाज येऊ द्यायचा नाही. (बाई, तुमच्या तक्त्यांसारखंच.) मग जठरातले व्रण, रक्तातली साखर, स्मरणशक्ती अशा गोष्टी बघायच्या. बनारस हिंदू विद्यापीठातल्या भट्टाचार्य यांच्या गटानं २००३ मध्ये अश्वगंधा अशीच तपासली, शेजारी तुलनेला जिनसेंग ठेवून. अश्वगंधा दिलेल्या उंदरांना ताणाचे परिणाम कमी जाणवले.

आता माझी फजिती. पहिल्याच तुकडीत माझे नुसतं पाणी प्यायलेले उंदीरसुद्धा उघड्या हातावर फिरायला निघाल्यासारखे फिरले. अर्क आणि पाणी, फरक शून्य. गाईड वैतागले. आठवडाभर डोकं खाजवल्यावर कळलं की प्राणिगृहातले मामा रोज रात्री एकेका उंदराला हातावर घेऊन शेंगदाणा भरवत होते. माणसाच्या हाताळणीला सरावलेला उंदीर मुळातच कमी घाबरतो. तुमची दसऱ्याची सुट्टी आणि आमच्या मामांचा शेंगदाणा, प्रकरण एकच.

म्हणून तुमच्या प्रयोगात काय नव्हतं ते सांगतो: पाण्याचा गट. चूर्ण न घेणारे सहा शिक्षक त्याच सहा आठवड्यांत वही भरत असते, तर सुट्टी दोन्हीकडं सारखी आली असती.

मलप्रभाकाठ
सातवीच्या पोरांना मी स्वतः शिकवते की एका कुंडीला खत घालायचं, दुसरीला नाही. लाज वाटली खरं.

निपाणीकर
अश्वगंधेवर आमचं बी ऐका. तंबाखूला पर्याय म्हणून एका वर्षी अर्धा एकर लावली. आमच्याकडं जुनी माणसं ढोरगुंज म्हणायची, पलीकडचे कन्नडवाले हिरेमद्दिनगिड. बांधाला आपोआप उगवायची, जनावर तोंड लावत नाही. म्हटलं, आपोआप येतंय ते लावल्यावर किती येईल!

पाला चिक्कार आला. पण धंदा मुळाचा हाय. हलकी, वाळूसर जमीन लागते. आमच्या काळ्या रानात मूळ खाली सरळ जायचं सोडून फाटे फुटले, आणि उपटताना तुटलं. पाच-सहा महिने पीक सांभाळून व्यापाऱ्यानं मुळं बघितली आणि हातात घेऊन मोडली. कट्‌कन मोडून आतनं पांढरं पिठूळ निघालं तर वरची प्रत. आमचं चिवट. मंदसौर-नीमचच्या मालापुढं काय टिकणार? मग त्यानंच विचारलं, पाला देता काय, पाल्याला बी गिऱ्हाईक हाय. दिला आम्ही. तो कुठं गेला देवाला ठाऊक.

उंदीरमामा
निपाणीकर, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्या धाग्यात महत्त्वाचं. ग्रंथात औषध म्हणून मूळ सांगितलंय. पाला स्वस्त, आणि त्यात विदाफेरिन-ए भरपूर असतं. तेही विदानोलाइडच, म्हणजे अश्वगंधेची प्रत ज्यावरून मोजतात त्या घटकांपैकी एक, त्यामुळं अर्कात पाला मिसळला की विदानोलाइडांचा एकूण आकडा फुगतो. बाटलीवर टक्केवारी छान दिसते. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं ते उगीच नाही.

पेठेतली_पोर
इतके दिवस लिहू की नको करत होते. आमच्या आईला झोप येत नव्हती म्हणून मीच ऑनलाइन अश्वगंधेच्या गोळ्या मागवल्या. झोप खरंच लागायला लागली. पाचव्या आठवड्यात अंगाला खाज, मग डोळे पिवळे. डॉक्टरांनी काविळीच्या सगळ्या तपासण्या केल्या, विषाणू सापडला नाही. मग विचारलं, घरी अजून काय घेता? आई म्हणाली, "औषध काही नाही, नुसतं आयुर्वेदिक." गोळ्या बंद केल्यावर दोन महिन्यांत यकृत ताळ्यावर आलं. गोळ्यांमुळंच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, पण परत देऊ नका म्हणाले. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

"नुसतं आयुर्वेदिक" हे वाक्य प्रत्येक घरात असतं. डॉक्टरांपुढं तेवढं लपवू नका.

उंदीरमामा
वाईट वाटलं. हे दुर्मीळ आहे, पण नवीन नाही. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या ५ जणांच्या नोंदी एकत्र छापून आल्या होत्या: खाज, कावीळ, आणि औषध थांबवल्यावर सुधारणा. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. बंदी जरा टोकाची वाटते मला, पण गरोदर बायका, थायरॉइडचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या घेणारे यांनी स्वतःच्या मनानं हात लावू नये. थायरॉइडचं संप्रेरक ती वाढवते असं दिसलंय.

शहापूरचा_वैद्य
एक सांगू? तुम्ही तपासता तो अर्क. अल्कोहोलात काढलेला, सुकवून गोळीत भरलेला. आम्ही देतो ते चूर्ण, दुधातून, तुपातून, माणसाचा अग्नी आणि ऋतू बघून. एकाला देतो, दुसऱ्याला नाही देत. उंदराची प्रकृती कोण बघतं? तुमच्या गोळीचं पाप आमच्या माथी का?

उंदीरमामा
वैद्यबुवा, अर्ध मान्य. अर्कावर केलेल्या अभ्यासाची कीर्ती चूर्णाला लावू नये, आणि उलटही. पण प्रकृती बघून देता तर तेही तपासता येतं की. अर्ध्यांना प्रकृती बघून खरं चूर्ण, अर्ध्यांना प्रकृती बघूनच खोटं. तपासणी नको यासाठी प्रकृतीची ढाल करू नका.

शहापूरचा_वैद्य
ढाल नाही हो. खोटं चूर्ण द्यायला माझा हात धजावत नाही, एवढंच. समोरचा बरा व्हायला आलेला असतो.

खवचट_काका
हा वाद आता दोन दिवस चालणार. शेंगदाणे घेऊन बसलोय, मामांच्या प्राणिगृहातले.

मलप्रभाकाठ
काका, थांबा की जरा. मामा, माणसांवर काय झालंय ते सांगा ना.

उंदीरमामा
तुमच्या पुड्यांपासून सुरू करतो.

बाकोपा: २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी माणसांवर अभ्यास झाला. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, १२ आठवडे. आधी एकदा घेऊन बघितलं तर लगेच परिणाम नव्हता. १२ आठवड्यांनी शिकण्याचा वेग सुधारला आणि त्या वेळची अस्वस्थताही कमी भरली. पोट मात्र बऱ्याच जणांचं बिघडवते ही.

सेंटेला: २००० मध्ये कॅनडातल्या लोकांनी वेगळीच युक्ती केली. ४० माणसं, अर्ध्यांना एकदाच १२ ग्रॅम सेंटेला. १२ ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे, तुमच्या एका चमच्याशी तुलना करा. मग कानात अचानक मोठा आवाज सोडायचा आणि माणूस किती दचकतो ते डोळ्याच्या पापणीवरून मोजायचं. अर्ध्या तासानं आणि तासानं सेंटेलावाले कमी दचकले.

म्हणजे बघा, एकीचा पुरावा तीन महिन्यांचा, दुसरीचा तासाभराचा. एकीच्या पुडीवर दुसरीचा अभ्यास छापला तर दोन्ही खोटे. नाव ब्राह्मी म्हणून पुरावा वाटून घेता येत नाही.

अश्वगंधा: सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो २०१२ चा भारतातला अभ्यास. ६४ माणसं, मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस. ताणाच्या प्रश्नावलीचे गुण अश्वगंधावाल्यांत ४४ टक्क्यांनी उतरले, नकली गोळीवाल्यांत साडेपाच टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जवळपास २८ टक्के उतरलं, नकलीवाल्यांत सुमारे ८ टक्के. आकडे देखणे आहेत. पण माणसं ६४ च, दिवस ६० च, आणि अशा बऱ्याच अभ्यासांत गोळी कंपनीचीच असते. "फायदा दिसतो, वर्षभर घेतल्यास काय होतं ते कुणी नीट बघितलेलं नाही" इतपतच मी म्हणेन.

आणि कॉर्टिसॉलवर भाळू नका. उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखरावर असतं, रात्री तळाला. एकदा सकाळी साडेसातला रक्त दिलं आणि दुसऱ्यांदा अकराला, तर चूर्ण न घेताही "सुधारणा" दिसेल.

घाटाखालचा
उशिरा वाचला धागा. सर्पगंधेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. भुईतलं मूळ बाटलीत कसं गेलं याचं तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. वेडावर, झोपेवर हे मूळ पिढ्यान्‌पिढ्या देत होते. १९३१ मध्ये सेन आणि बोस या दोघांनी त्यावर निबंध छापला: रक्तदाब उतरतो, माणूस शांत होतो. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला आणि जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या कंपनीनं त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. इथवर सगळी वाहवा.

मग गोळ्या घेणाऱ्यांतले काही उदास व्हायला लागले. मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिनसारखी रसायनं रेसर्पिन रिकामी करतं हे कळलं, आणि त्यातून नैराश्याच्या पुढच्या संशोधनाला वाट मिळाली. शांत करणारं मूळ जास्त दिलं तर माणूस खचतो, हे तपासलं म्हणून कळलं. कुंपणावर लावायची वनस्पती नव्हे ती. आमच्या घाटात ओरबाडून ओरबाडून आता दिसायचीही बंद झालीय.

रानवाट
खरंय. भीमगडच्या बाजूला लहानपणी बघितलेली, आता शोधावी लागते. जटामांसीचंही तेच, ती तर हिमालयातली, आपल्या गांधी (जडीबुटीवाल्या) दुकानात "खात्रीची" म्हणून मिळते तेव्हा मी मनात हसतो.

बाई, तिसऱ्या पुडीचं म्हणाल तर भुकटी नुसती बघून कुणी सांगणार नाही. पुढच्या वेळी फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या कुणाला दाखवा. आणि अवांतर, बेळगावला नेहरूनगरात आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, केंद्र २००६ पासून आहे. पुढं त्याचं नाव राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था झालं. घाटातल्या वैदूंचं ज्ञान आणि झाडं हाच त्यांचा विषय. आपल्या दाराशी आहे, आणि आपण गोळ्या ऑनलाइन मागवतो.

मलप्रभाकाठ
धागा वर काढतेय, कारण पुढचा अंक झालाय.

मामांनी व्यक्तिगत निरोपात आधी झापलं: सहकाऱ्यांना अशी चूर्णं वाटायची नाहीत, माणसांवरच्या चाचणीला नीतिसमिती लागते, नोंदणी लागते. मान्य. म्हणून या वेळी उंदीर मी एकटीच. डॉक्टरांना विचारून घेतलं, थायरॉइड तपासून घेतलं.

आजेसासूंच्या पाटावरची एकपानी, बॉटनीच्या बाईंनी सेंटेला म्हणून खात्री केलेली, सावलीत वाळवून दळली. दोन सारखे डबे. एकात ती, दुसऱ्यात तसंच हिरवं पण निरुपद्रवी काहीतरी. गृहविज्ञानाच्या बाईंनी सुचवलं ते दळून भरलं, मला सांगितलं नाही. डब्यांवर एक आणि दोन. कुठल्यात काय ते पाकिटात, पाकीट मुख्याध्यापकांच्या कपाटात. चार आठवडे एक डबा, दोन आठवडे काही नाही, मग चार आठवडे दुसरा. मधे कुठलीही सुट्टी नाही, कॅलेंडर बघून ठरवलं!

पहिल्या डब्याचे चार आठवडे नीट गेले. वही भरली. काल शिपाईमामांसमोर दुसरा डबा उघडला. त्यांनी खिडकीतनंच नाक उडवलं आणि म्हणाले, "बाई, मेथी वाळत घातलासा व्हय?"

खवचट_काका
वहीत लिहा: आज डोकं तापलं, दहा.